द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (जन्म : १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर; मृत्यू : ९ डिसेंबर १९४२, हेबेई प्रांत, चीन) हे मराठी शल्यचिकित्सक होते. दुसऱ्या चीन-जपान युद्धाच्या काळात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या वैद्यकीय पथकाचे ते सदस्य होते. पथकातील अन्य सदस्य यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस मात्र अखेरपर्यंत चीनमध्येच राहिले आणि वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच त्यांचे निधन झाले. चीनमध्ये ते 'के दीहुआ' या नावाने ओळखले जातात. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या एका देशाने संकटात सापडलेल्या दुसऱ्या देशाला केलेल्या मदतीचे उदाहरण म्हणून त्यांच्या कार्याचा उल्लेख केला जातो.

बालपण आणि शिक्षण

कोटणीस यांचा जन्म सोलापुरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. आईवडील, दोन भाऊ आणि पाच बहिणी असा त्यांचा मोठा परिवार होता. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे आणि हातमागाचे शहर म्हणून भरभराटीस आले होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषा तेथील पेठांतून सहज कानी पडत. निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या माणसांत वाढलेल्या या मुलाने पुढे अल्पावधीत चिनी भाषा आत्मसात केली.

१९३०च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सोलापूर देशभर गाजले. तेथे लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. कोटणीस त्या वेळी विशीत होते. त्यांच्या पिढीतील सोलापूरकरांवर या घटनेचा खोल ठसा उमटला.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. परळ येथील हे महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. त्याचे अध्यापक भारतीयच असावेत ही अट देणगीदारांनी घातली होती. गोऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली दुय्यम जागांवर काम करण्याची वेळ भारतीय डॉक्टरांवर येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. अशा स्वाभिमानी वातावरणात कोटणीस यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. पदवीनंतर पदव्युत्तर परीक्षेची तयारी चालू असतानाच चीनला जाणाऱ्या पथकासाठी डॉक्टर हवे असल्याचे वृत्त त्यांच्यापर्यंत पोहोचले. त्यांनी अर्ज केला. मोठ्या कुटुंबाची जबाबदारी आणि नुकताच सुरू होऊ घातलेला व्यवसाय या दोन्ही गोष्टी त्यांना रोखू शकल्या नाहीत.

मदतीचे आवाहन

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी झालेल्या चकमकीनंतर जपानने चीनविरुद्ध सर्वंकष युद्ध सुरू केले. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत शांघाय आणि नानकिंग ही शहरे जपानच्या ताब्यात गेली. चीनमधील क्वोमिन्तांगचे सरकार आणि साम्यवादी पक्ष यांनी आपसातील यादवी बाजूला ठेवून जपानविरुद्ध संयुक्त आघाडी उभारली. साम्यवाद्यांच्या सेनेचे नामकरण आठवी मार्ग सेना असे झाले आणि चू ते हे तिचे सेनापती झाले. या सेनेकडे शस्त्रे कमी होतीच, पण त्याहूनही मोठी उणीव डॉक्टरांची व औषधांची होती. जखमी सैनिकांपैकी अनेकजण वेळेवर शस्त्रक्रिया न झाल्यामुळेच दगावत असत.

नोव्हेंबर १९३७मध्ये चू ते यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेले सुभाषचंद्र बोस यांनी ही विनंती उचलून धरली. ३० जून १९३८ रोजी त्यांनी वृत्तपत्रांतून जनतेला आवाहन केले आणि ७ ते ९ जुलै हे दिवस देशभर चीन निधी दिन म्हणून पाळण्यात आले. या प्रयत्नांतून बावीस हजार रुपयांचा निधी जमला. पथकासोबत एक रुग्णवाहिका आणि औषधेही पाठवण्याचे ठरले.

या मदतीचे वेगळेपण लक्षात घेणे आवश्यक आहे. भारतात त्या वेळी स्वतःचे सरकार नव्हते, परराष्ट्र धोरण नव्हते आणि सरकारी तिजोरीही भारतीयांच्या हाती नव्हती. मदत देणारी संस्था ही स्वातंत्र्यासाठी झगडणारा एक पक्ष होता आणि पैसा सामान्य लोकांच्या खिशातून आला होता. देशातील खेड्यापाड्यांत डॉक्टर मिळणे दुरापास्त असताना परदेशात डॉक्टर का पाठवावेत, असा प्रश्न अशा वेळी कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक होते. साम्राज्यवादाविरुद्धचा लढा हा एका देशापुरता मर्यादित नाही, ही काँग्रेस नेतृत्वाची भूमिका हे त्याचे उत्तर होते.

पथकाची रचना व प्रस्थान

पथकात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल हे पथकप्रमुख होते. स्पेनमधील यादवी युद्धात प्रजासत्ताकवादी पक्षाच्या बाजूने वैद्यकीय सेवा केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर हे उपप्रमुख होते. कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू व डॉ. देवेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे उर्वरित सदस्य होते. निवड झालेल्या एका डॉक्टरला ब्रिटिश सरकारने पासपोर्ट नाकारल्यामुळे त्यांच्या जागी बसू यांची नेमणूक झाली होती. पाचांपैकी चोळकर व कोटणीस हे दोघे मराठी भाषक होते. कोटणीस यांनी अद्याप वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण केली नव्हती.

मुंबईत पथकाला जाहीर निरोप देण्यात आला. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' या बोटीने पथक मुंबई बंदरातून निघाले. नेमणूक एका वर्षासाठी होती. घरच्यांनीही त्याच हिशेबाने त्यांना निरोप दिला होता.

कँटन ते येनान

१७ सप्टेंबर १९३८ रोजी पथक दक्षिण चीनमधील कँटन (आजचे ग्वांगचौ) येथे पोहोचले. डॉ. सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून पथक वूहान भागात गेले. परंतु युद्धाची आघाडी वेगाने सरकत होती. ऑक्टोबरमध्ये कँटन आणि वूहान ही दोन्ही शहरे पडली. पथकाला यिछांगमार्गे यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला, चुंगकिंग येथे जावे लागले. क्वोमिन्तांग सरकारची राजधानी त्या वेळी चुंगकिंगला हलवण्यात आली होती. या प्रवासात ठिकठिकाणच्या रुग्णालयांत पथकाने जखमींवर उपचार केले. हवाई हल्ल्यांत उद्ध्वस्त झालेली वस्ती आणि निर्वासितांचे लोंढे त्यांनी प्रथमच जवळून पाहिले.

चुंगकिंगच्या मुक्कामात पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या आडनावाचे चिनी रूप घेऊन त्याच्या अखेरीस 'हुआ' हे अक्षर जोडण्यात आले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस हे 'के दीहुआ' झाले. पुढे हेच नाव चीनमध्ये रूढ झाले आणि आजही तेथील शाळकरी मुले त्यांना याच नावाने ओळखतात.

येनानला जाण्याची तयारी चालू असतानाच कोटणीस यांना वडिलांच्या निधनाची बातमी मिळाली. घरी परतण्याची मुभा त्यांना होती आणि सहकाऱ्यांनीही तसे सुचवले. कुटुंबावर आर्थिक संकट कोसळलेले असताना मुलाने परतणे हे लौकिकदृष्ट्या कर्तव्यच ठरले असते. तथापि, ज्या आघाडीसाठी आपण आलो ती अद्याप पाहिलीही नाही, अशा स्थितीत माघारी फिरणे त्यांना उचित वाटले नाही. त्यांनी पथकाबरोबर पुढे जाण्याचा निर्णय घेतला. घरची जबाबदारी आणि स्वीकारलेली जबाबदारी यांमधील हा ताण त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण प्रसंग मानावा लागेल. या निर्णयाची किंमत त्यांच्याइतकीच सोलापुरातील त्यांच्या कुटुंबानेही मोजली.

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. वायव्य चीनच्या पिवळ्या मातीच्या डोंगराळ प्रदेशातील हे गाव म्हणजे साम्यवाद्यांचे मुख्य केंद्र होते. डोंगराच्या कड्यात खोदलेल्या गुहा हीच तेथील घरे, शाळा आणि रुग्णालये होती. माओ त्से-तुंग व अन्य नेत्यांनी पथकाचे स्वागत केले. मे १९३९मध्ये माओ यांनी नेहरूंना पत्र पाठवून या मदतीबद्दल आभार मानले. कोटणीस आणि त्यांचे सहकारी येनानजवळच्या गुहांमधील रुग्णालयात काम करू लागले. ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्याचे जेवण, सरपणाची टंचाई आणि कडाक्याची थंडी यांची सवय करून घेणे हे पहिले काम होते. दुसरे काम होते भाषा शिकण्याचे. दुभाष्याच्या मदतीने रुग्णाची व्यथा नीट कळत नाही, हे कोटणीस यांनी लवकरच ओळखले आणि चिनी भाषेचा नेटाने अभ्यास सुरू केला.

चोळकर व मुखर्जी हे प्रकृतीच्या कारणास्तव १९३९मध्ये भारतात परतले. अटल, बसू आणि कोटणीस हे तिघे मागे राहिले.

आघाडीवरील कार्य

येनानमधील काम महत्त्वाचे असले तरी ते पिछाडीचे काम होते. १९३९च्या अखेरीस तिघेही डॉक्टर शान्शी प्रांतातील आठव्या मार्ग सेनेच्या मुख्यालयाकडे निघाले. तेथे त्यांची चू ते यांच्याशी भेट झाली. ज्यांच्या पत्रामुळे पथक चीनला आले त्यांची प्रत्यक्ष भेट होण्यास अशा रीतीने सव्वा वर्षाहून अधिक काळ लोटला होता. त्यानंतर अटल हे आजारपणामुळे परतले आणि १९४०मध्ये बसू व कोटणीस शान्शी-चाहार-हेबेई सीमाप्रदेशात पोहोचले. जपानी फौजांच्या पिछाडीस असलेला हा गनिमी युद्धाचा मुलूख होता. सेनापती न्ये रोंगचन हे त्याचे प्रमुख होते. काही काळाने बसू यांना येनानला परत बोलावण्यात आले. कोटणीस यांनी मात्र सीमाप्रदेशातच राहण्याचे ठरवले.

गनिमी मुलखातील वैद्यकीय सेवेचे स्वरूप सर्वस्वी वेगळे होते. कायम स्वरूपाची इमारत नसे. शेतकऱ्यांची घरे, मंदिरे, पडक्या कोठ्या यांतच शस्त्रक्रिया कराव्या लागत. शत्रूची चाहूल लागताच रुग्णांसह सारा संसार खेचरांवर व माणसांच्या खांद्यांवर लादून डोंगरात हलवावा लागे. नाकेबंदीमुळे औषधे, भूल देण्याची द्रव्ये आणि शस्त्रक्रियेची उपकरणे यांची सतत चणचण असे. एकदा वापरलेले मलमपट्टीचे कापड धुऊन, उकळून पुन्हा वापरले जाई. जखमींना मैलोन्‌मैल वाहून आणणारे बहुतेक गावकरीच असत.

१९४०च्या उत्तरार्धात आठव्या मार्ग सेनेने 'शंभर पलटणींची मोहीम' या नावाने ओळखली जाणारी मोठी चढाई केली. या काळातील एका दीर्घ लढाईत कोटणीस यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. त्यातील एका टप्प्यात सलग बहात्तर तास झोप न घेता ते शस्त्रक्रिया करीत राहिले. या कामगिरीमुळे संपूर्ण सीमाप्रदेशात त्यांचे नाव झाले. सावळ्या वर्णामुळे आणि रुग्णांची मायेने शुश्रूषा करण्याच्या वृत्तीमुळे तेथील लोक त्यांना 'काळी आई' म्हणू लागले. मराठी माणूस हे नाव आपल्या शेतजमिनीला देतो. सोलापूरच्या काळ्या मातीत वाढलेल्या या डॉक्टरला परक्या मुलखात तेच नाव मिळावे, हा एक विलक्षण योगायोग होय.

बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय

कॅनडाचे विख्यात शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी याच सीमाप्रदेशात काम केले होते. शस्त्रक्रियेच्या वेळी बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून जानेवारी १९४१मध्ये कोटणीस यांची नियुक्ती झाली. हेबेई प्रांतातील तांग तालुक्यातील गेगोंग या गावी हे रुग्णालय होते. रुग्णालयाला जोडून बेथ्यून यांच्याच नावाची वैद्यकीय शाळा चालत असे.

कोटणीस यांच्या कार्यात अध्यापनाचे स्थान शस्त्रक्रियेइतकेच मोठे आहे. बाहेरून आलेला डॉक्टर कधीतरी जाणारच. तो गेल्यावर काम चालू राहायचे असेल तर स्थानिक माणसे तयार व्हावयास हवीत, हा विचार त्यांच्या साऱ्या कामामागे होता. शेतकऱ्यांच्या घरांतून आलेल्या, फारसे शालेय शिक्षण नसलेल्या तरुणांना ते चिनी भाषेतून शल्यशास्त्र शिकवत. पाठ्यपुस्तके उपलब्ध नसल्याने त्यांनी स्वतःच शल्यशास्त्राचे पुस्तक चिनी भाषेत लिहिण्यास घेतले. रुग्णालयाचे संचालक असूनही त्यांनी विशेष भत्ता वा खास भोजन घेण्याचे टाळले. सैनिक व विद्यार्थी जे खात तेच ते खात आणि रुग्णालयाच्या शेतीच्या कामातही हातभार लावत.

विवाह व कुटुंब

बेथ्यून यांच्या समाधीच्या १९४०मधील अनावरण समारंभात कोटणीस यांची क्वो छिंग-लान यांच्याशी ओळख झाली. त्या वैद्यकीय शाळेत शुश्रूषाशास्त्राच्या अध्यापिका होत्या. त्यांना इंग्रजी येत असे आणि भारतातून आलेला हा डॉक्टर चिनी भाषेत बोलतो याचे त्यांना नवल वाटले. पुढे सहवासातून स्नेह वाढला आणि १९४१च्या अखेरीस दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रोंगचन यांनी त्याचे नाव 'यिनहुआ' असे सुचवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन.

जुलै १९४२मध्ये कोटणीस यांनी चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व स्वीकारले. काँग्रेसच्या पथकातून आलेल्या या डॉक्टरचा वैचारिक प्रवास या टप्प्यापर्यंत येऊन पोहोचला होता. भारतातील अनेक चरित्रपर लेखनांत या घटनेचा ओझरता उल्लेख आढळतो, तर चिनी लेखनात तिला विशेष महत्त्व दिले जाते.

आजारपण आणि मृत्यू

अखेरच्या काळात कोटणीस यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. अपुरा आहार, अतिश्रम आणि औषधांचा अभाव यांमुळे प्रकृती अधिकाधिक खालावत गेली. उपचारांसाठी सीमाप्रदेशाबाहेर जाण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला होता. परंतु शल्यचिकित्सकांची टंचाई आणि शाळेतील शिक्षणक्रम या कारणांनी त्यांनी तो मानला नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे अपस्माराच्या तीव्र झटक्यांत त्यांचे निधन झाले. मुलगा त्या वेळी साडेतीन महिन्यांचा होता. हाती घेतलेले शल्यशास्त्राचे पुस्तक अपुरेच राहिले.

नानछुआन या गावातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. माओ त्से-तुंग, चू ते आणि सुंग चिंग-लिंग यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. पुढे त्यांचे अवशेष हेबेई प्रांताची राजधानी शिजियाझुआंग येथील उत्तर चीन हुतात्मा स्मृतिस्थळात हलवण्यात आले. तेथे त्यांची समाधी बेथ्यून यांच्या समाधीसमवेत आहे.

यिनहुआ वैद्यकीय शिक्षण घेत असताना १९६७ साली अकाली मरण पावला. क्वो छिंग-लान यांनी पुढे पुनर्विवाह केला, तरी कोटणीस कुटुंबाशी असलेले नाते त्यांनी अखेरपर्यंत जपले. त्या अनेकदा भारतात आल्या. जून २०१२मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी चीनमधील दालिएन येथे त्यांचे निधन झाले. चीनचे नेते भारतभेटीवर येत असता कोटणीस यांच्या कुटुंबीयांची भेट घेण्याचा प्रघात अनेक वर्षे पाळला गेला.

साहित्य व चित्रपटांतील चित्रण

लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीस यांच्या जीवनावर १९४४ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यावर आधारित 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९४६ साली प्रदर्शित केला. दिग्दर्शनाबरोबरच कोटणीस यांची भूमिकाही शांताराम यांनी केली. छिंग-लान यांची भूमिका जयश्री यांनी साकारली. पटकथालेखनात अब्बास यांच्यासोबत व. प. साठे यांचा सहभाग होता. या चित्रपटाची इंग्रजी आवृत्तीही निघाली. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतात कोटणीस हे नाव घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय प्रामुख्याने या चित्रपटाला जाते. चीनमध्येही १९८२ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला.

चित्रपटामुळे काही समजुती रूढ झाल्या आहेत. साथीच्या रोगावर लस शोधताना कोटणीस यांनी स्वतःवर प्रयोग केल्याचे पडद्यावर दिसते. हा प्रसंग कल्पित आहे. त्यांचा मृत्यू रणांगणावर झाला, ही समजूतही खरी नाही. तसेच हे पथक भारत सरकारने पाठवले होते, असा उल्लेख काही ठिकाणी आढळतो. वस्तुतः ते काँग्रेस पक्षाने लोकवर्गणीतून पाठवले होते.

सन्मान व स्मारके

चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली कोटणीस यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. शिजियाझुआंग येथे त्यांचा पुतळा असून त्यांच्या वस्तू व कागदपत्रांचे संग्रहालय आहे. २००९ साली चीनमध्ये घेण्यात आलेल्या एका सार्वजनिक मतदानात गेल्या शतकातील चीनच्या दहा परदेशी मित्रांमध्ये त्यांची निवड झाली. सोलापुरातील भैय्या चौक परिसरातील त्यांच्या जन्मस्थानी उभारलेले स्मारक २०१२ साली जनतेसाठी खुले झाले. पथकातील त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर उपचारपद्धतीचे शिक्षण घेतले आणि भारतात तिचा प्रसार केला. कोटणीस यांच्या नावाने काम करणाऱ्या स्मृती समितीच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. चीनला मदत देण्यास गेलेला डॉक्टर तेथून काही शिकून परतला, हा या पथकाच्या इतिहासातील उल्लेखनीय भाग आहे.

मूल्यमापन

१९६२च्या भारत-चीन युद्धानंतर दोन्ही देशांत दुरावा निर्माण झाला आणि कोटणीस यांच्या स्मृतीलाही त्याची झळ बसली. १९७६ साली राजदूतांची पुन्हा नेमणूक झाल्यावर त्यांच्या नावाने होणारे कार्यक्रम हळूहळू वाढले. दोन्ही देशांच्या शासनांनी सोयीनुसार या स्मृतीचा वापर केला, अशी टीकाही केली जाते. तथापि, गेगोंगसारख्या खेड्यातील रुग्णांना मिळालेला उपचार आणि तेथे घडलेले डॉक्टर यांचे मोल राजकीय चढउतारांमुळे कमी होत नाही.

परदेशांना दिल्या जाणाऱ्या साहाय्याच्या संदर्भात कोटणीस यांच्या कार्याचा विचार अधिक उपयुक्त ठरतो. स्वतंत्र भारताने १९६४ साली भारतीय तांत्रिक व आर्थिक सहकार्य कार्यक्रम सुरू केला. त्या अन्वये आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांतील लोकांना प्रशिक्षण देण्यात आले. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशात भारताच्या सहकार्याने २००३ साली स्थापन झालेले माहिती तंत्रज्ञानाचे कोफी अन्नान केंद्र हे याच धोरणाचे उदाहरण होय. पैसा व यंत्रे देण्याबरोबर त्या देशातील माणसे घडवावीत, हे या कार्यक्रमांमागील तत्त्व आहे. असे कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी दोन दशके कोटणीस यांनी ते आचरणात आणले होते. घेणाऱ्याची भाषा शिकणे, त्याच्यासारखे राहणे, त्याच्या गरजेनुसार आपले काम ठरवणे आणि आपण नसताना काम चालावे अशी तजवीज करणे, ही त्यांच्या सेवेची लक्षणे होती. बावीस हजार रुपयांचा निधी युद्धाच्या मानाने नगण्य होता. त्यातून उभी राहिलेली मदत टिकली ती या लक्षणांमुळे.

महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात समुद्रापलीकडील साहाय्याची दोन टोके दिसतात. १८६५ साली कल्याण येथे जन्मलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील कार्पेंटर कुटुंबाने आधार दिला आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. त्यांना परक्यांनी आपले मानले. त्यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने सोलापूरच्या कोटणीस यांनी परक्यांना आपले मानले. दोघेही अल्पायुषी ठरले. आनंदीबाई १८८७ साली मायदेशी परतल्यानंतर पुण्यात निवर्तल्या, तर कोटणीस यांना मायदेशाचे दर्शन पुन्हा घडले नाही. वर्षभरासाठी गेलेला हा डॉक्टर चार वर्षांहून अधिक काळ तेथे राहिला आणि त्याची समाधीही तेथेच झाली.